रिजेक्ट झालेल्या कणांची बाजू

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या इंजिनिअर मंडळींत एक युक्तिवाद हल्ली फार खपतो. गुरुवारच्या सुट्टीच्या गप्पांत तो निघतो, सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलला जातो, विज्ञानाच्या एखाद्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत टाळ्याही घेऊन जातो. तो असा : विश्वशास्त्रवाल्यांचा हिशेब जुळला नाही की ते एक नवा कण आत घुसवतात. कधी अ‍ॅक्सिऑन, कधी स्टराइल न्यूट्रिनो, कधी नुसतेच ‘डार्क रेडिएशन’. हे कण दिसत नाहीत, सापडत नाहीत, वजन म्हणावे तर नसल्यात जमा. आणि तरी म्हणे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रकाशावर त्यांनी ठसा उमटवला. मग राहू-केतूंनी काय घोडे मारले? आमच्या शॉपवर असला हिशेब मांडला असता तर ऑडिटरने दारातूनच परत पाठवले असते.

शेवटचे वाक्य मी आनंदाने स्वीकारतो. माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली, त्यामुळे ऑडिटर काय विचारतो ते पाठ आहे. वस्तू डोळ्यांना दिसते का, असे तो विचारत नाही. ड्रॉइंगवर माप काय, टॉलरन्स किती, मोजले कशाने, त्या साधनाचे कॅलिब्रेशन कधी झाले आणि मापात न बसलेल्या मालाचे काय केलेत, हे विचारतो. या प्रश्नांना लेखी उत्तरे देणाऱ्या विद्या फार थोड्या आहेत. हलक्या कणांचा अभ्यास त्यांतला एक आहे, आणि त्यालाच नेमके हिशेब न देणारा म्हणून हिणवले जाते.

आधी मोजायची वस्तू पाहू. १९६४-६५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती. अँटेना कुठेही वळवा, ती जाईना. आत राहणाऱ्या कबुतरांची घाण साफ केली तरी जाईना. ती खरखर म्हणजे विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळा झालेला प्रकाश. अभ्यासक त्याला सीएमबी म्हणतात. त्या वेळी तापमान ३००० केल्विनच्या आसपास होते. तेव्हापासून विश्व साधारण ११०० पट ताणले गेले, म्हणून आज ते २.७२५ केल्विन आहे. तुम्ही तळेगाव चौकात गाडीत अडकून बसलेले असता तेव्हाही तुमच्या भोवतीच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये या प्रकाशाचे सुमारे ४११ कण असतात. आकाशाच्या एका दिशेकडून दुसऱ्या दिशेकडे पाहताना त्याच्या तापमानात लाखात एक भाग इतका फरक पडतो. सगळी गोष्ट त्या लाखातल्या एका भागात आहे.

प्रकाश मोकळा होण्याआधी तो इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यात पुरता गुंतलेला होता, आणि त्या दाट द्रव्यातून ध्वनीच्या लाटा फिरत होत्या. त्यांचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून थोडा जास्त. प्रकाश सुटला त्या क्षणी ज्या लाटा जिथे होत्या तिथे त्यांची छाप राहिली. तोवर ध्वनीने जेवढे अंतर कापले, ते आज आकाशात जेमतेम ०.६ अंशाच्या कोनात दिसते. युरोपच्या प्लांक उपग्रहाने हा कोन दहा हजारांत तीन भाग इतक्या अचूकतेने मोजला आहे. विश्वशास्त्रात इतके पक्के माप दुसरे क्वचितच सापडेल.

आता यात एक हलका कण घाला. वजन नगण्य, वेग प्रकाशाच्या जवळचा, कुणाशी देणेघेणे नाही. तो दिसणार नाही, कबूल. पण त्याच्याजवळ ऊर्जा आहे, आणि ऊर्जा आली की गुरुत्वाकर्षण आलेच. विश्व किती वेगाने फुगते ते आतल्या एकूण ऊर्जेवर ठरते. कणांच्या जाती जास्त, तर सुरुवातीचे फुगणे जास्त वेगाने, आणि प्रकाश सुटेपर्यंत मिळालेला वेळ कमी. वेळ कमी म्हणून ध्वनीने कापलेले अंतरही कमी.

इथे एक बारकावा आहे. ध्वनी सरळ चालतो : वेळ निम्मा केला तर अंतरही निम्मे. पण त्याच काळात प्रकाशकण इलेक्ट्रॉनांवर आपटत, दिशा बदलत, इकडेतिकडे झिरपत असतात आणि झिरपता झिरपता बारीक लाटा पुसून टाकतात. असे अडखळत जाणाऱ्याचे अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढते. वेळ निम्मा केला तरी ते निम्मे होत नाही, सुमारे ७० टक्के उरते. म्हणजे नवा कण घातला की दोन्ही अंतरे आखडतात, पण सारखी नाही. ध्वनीचे माप तर आकाशात त्या ०.६ अंशाला बांधलेले आहे. मग तफावत एकाच जागी बाहेर पडते : बारीक लाटा अपेक्षेपेक्षा जास्त पुसलेल्या दिसल्या पाहिजेत. किती जास्त, हे दुर्बीण आकाशाकडे वळवण्याआधीच कागदावर लिहून देता येते.

त्यासाठी एकच आकडा वापरतात, ‘एन-इफेक्टिव्ह’. सुरुवातीच्या ऊर्जेत न्यूट्रिनोसारख्या हलक्या कणांच्या किती जाती सामील होत्या, ते तो सांगतो. आपल्याला माहीत असलेले तीनच न्यूट्रिनो धरले तर उत्तर येते ३.०४४. वरचे ०.०४४ पाहून कुणी हसू नये. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना संपवत होते तेव्हा त्यांची बहुतेक ऊर्जा प्रकाशाला मिळाली आणि थोडीशी न्यूट्रिनोंकडे गळाली; त्या गळतीचा मुख्यतः तो हिशेब आहे. चाकणच्या कुठल्याही व्हेंडरला याहून स्वच्छ ड्रॉइंग मिळत नाही.

दुसरी खूणही आहे, आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त आवडते. विश्व सेकंदभराचे असतानाच न्यूट्रिनो बाकीच्या गर्दीतून सुटले आणि जवळजवळ प्रकाशवेगाने निघाले. ध्वनीच्या लाटा मागे पडल्या, पण पुढे गेलेल्या न्यूट्रिनोंच्या गुरुत्वाकर्षणाने त्यांना किंचित पुढे ओढले. त्यामुळे सीएमबीच्या आलेखातली शिखरे जराशी मोठ्या कोनाकडे सरकतात. बशिन्स्की आणि सेल्जाक यांनी २००४ साली हे कागदावर दाखवले. २०१५ साली फॉलिन, नॉक्स, मिलिआ आणि पॅन यांनी प्लांकच्या मोजमापांत ते सरकणे शोधून काढले. ध्वनीहून वेगाने काहीतरी तिथून गेल्याशिवाय अशी खूण उमटणे फार अवघड आहे. वैश्विक न्यूट्रिनो आजवर कुणी हातात धरलेला नाही, तरी आरंभीच्या काळी प्रारणाच्या एकूण ऊर्जेतला सुमारे ४१ टक्के वाटा त्यांचा होता, हे यातून कळते. बंद गिअरबॉक्सच्या आवाजावरून आतला दात तुटल्याचे ओळखणारे फोरमन आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत. त्यांना कुणी ‘दात पाहिलात का’ असे विचारत नाही.

तर ड्रॉइंग झाले. आता मापात न बसलेल्या मालाचे काय केले?

२०१०-११ च्या सुमाराला या विषयात मोठी गडबड उडाली होती. डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या सात वर्षांच्या मोजमापांतून, इतर निरीक्षणांच्या जोडीने, हा आकडा आला ४.३४, चुकीची मर्यादा ०.८७ च्या आसपास. चिलीच्या अटाकामा दुर्बिणीचा आला ४.५६, मर्यादा ०.७५. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीचा ३.८६, मर्यादा ०.४२. तिघेही तीनच्या वर. चौथा हलका कण दारात उभा आहे, असे वाटायला लावणारी ती स्थिती होती. त्यातच लॉस अलामॉसच्या जुन्या प्रयोगापासून स्टराइल न्यूट्रिनोची कुजबुज चालूच होती. त्यावर ढिगाने शोधनिबंध आले. ‘कण घुसवणाऱ्यांची’ खरी चांदी होण्याचा काळ तो हाच.

पुढे काय झाले ते टीकाकार सांगत नाहीत. २०१३ साली प्लांकचा पहिला निकाल आला : ३.३०, मर्यादा ०.२७. २०१८ चा अंतिम निकाल : २.९९, मर्यादा ०.१७. २०२५ साली अटाकामाच्याच दुर्बिणीने, ज्या दुर्बिणीने कधीकाळी साडेचार सांगितले होते तिनेच, प्लांकच्या जोडीने आकडा दिला २.८६, मर्यादा ०.१३. प्लग गेजचे हिरवे टोक भोकात गेले पाहिजे आणि लाल टोक जाता कामा नये. तिथे ऑपरेटरच्या मताला, मॅनेजरच्या ओळखीला किंवा महिनाअखेरच्या डिस्पॅचला किंमत नसते. इथे तीन न्यूट्रिनोंचे हिरवे टोक गेले. पूर्ण चौथ्या जातीचे लाल टोक अडले, प्लांकच्याच आकड्यांनी सहा सिग्माहून जास्त अंतरावर अडले. (आपल्याकडे सिक्स सिग्मा म्हणताना दीड सिग्माची सरक गृहीत धरून दहा लाखांत ३.४ दोष चालवून घेतात. या सहा सिग्मांत ती सवलत नाही.) तेव्हाच्या ढिगातले बहुतेक कण आज रिजेक्शनच्या ट्रेमध्ये आहेत, आणि ज्यांनी ते मांडले होते त्यांच्याच समव्यवसायी लोकांनी ते तिथे टाकले.

आणखी एक प्रकरण आपल्या देशात तपासले गेले. २०१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ‘एजेस’ या प्रयोगाने जाहीर केले की पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनने सीएमबीचा ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास जो घास घेतला, तो अपेक्षेच्या दुपटीहून खोल आहे. गॅस इतका थंड कसा? तर किंचित विद्युतभार असलेल्या हलक्या कणांनी त्याची उष्णता खेचून घेतली असावी, असा एक तर्क लगेच आला. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतल्या लोकांनी या तर्कावर भाषणे दिली नाहीत. त्यांनी ‘सारस’ नावाचा अँटेना कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या बॅकवॉटरवर तरंगवला. जमिनीच्या थरांमुळे मोजणीत होणारी चूक टाळायची होती. २०२२ साली त्यांचा निकाल आला : तो घास त्यांना दिसला नाही, ‘एजेस’ची आकृती त्यांनी ९५.३ टक्के खात्रीने नाकारली. त्या एका आकृतीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या कणाच्या पायाखालची जमीन तळ्याच्या पाण्यात गेली.

राहू-केतूंना अशा परीक्षेला बसवण्याचा प्रयत्नही पुण्यातच झाला होता, हे टीकाकारांच्या लक्षात नसावे. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या : १०० हुशार मुलांच्या, १०० बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांच्या. भाग घेतलेल्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. कोणती कुणाची तेवढे ओळखायचे. २७ जणांनी उत्तरे पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवले असते तर ५० आले असते. अ‍ॅक्सिऑन आणि राहू यांत फरक एवढाच आणि एवढा मोठा आहे : निकाल विरुद्ध गेल्यावर कणवाल्यांनी मापात न बसलेले कण सोडून दिले. राहूचा धंदा दुसऱ्या दिवशीही नेहमीच्या वेळेला उघडला.

नारळीकरांचे नाव निघाले म्हणून सांगतो, विरोधकांचा हुकमी पत्ता तोच असतो. ‘खुद्द नारळीकरांनी महास्फोट मानला नाही, मग तुमच्या सीएमबीच्या गोष्टी कशाला?’ खरे आहे, मानला नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि गणेशखिंडीत १९८८ साली आयुका ही खगोलसंस्था उभी करणाऱ्या या माणसाने २० मे २०२५ रोजी जगाचा निरोप घेईपर्यंत आपला आक्षेप मागे घेतला नाही. पण आक्षेप घेण्याची त्यांची पद्धत पाहा. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी पर्यायी सिद्धान्त मांडला आणि सीएमबीचा उगमही सांगितला : ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातल्या सुमारे मिलिमीटरभर लांबीच्या लोखंडी तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. तेही एक न पाहिलेले द्रव्यच होते. नारळीकरांनी त्या तंतूंची लांबी सांगितली, ते सुपरनोव्हातून कसे तयार होतील ते सांगितले, आणि आलेखातली शिखरे जुळतात का ते तपासायला बसले. २००३ साली अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये आलेल्या त्या निबंधावर त्यांच्याबरोबर आयुकाच्याच तरुण सौरदीप आणि अमीर हाजियन यांची नावे आहेत. हेच सौरदीप पुढे प्लांकच्या विश्लेषणात सामील झाले. ज्या उपग्रहाच्या सात स्वच्छ शिखरांपुढे लोखंडी तंतूंची कल्पना माझ्या मते टिकली नाही, त्याच उपग्रहाच्या कामात. एकाच इमारतीत एक माणूस सिद्धान्ताला विरोध करतो, दुसरा त्याच्याबरोबर बसून त्या विरोधाची आकडेमोड करतो आणि मग उलट बाजूचा निकालही मोजतो. नारळीकरांचा दाखला द्यायचा असेल तर हा सगळा द्या. अर्धा दाखला देऊन त्यांना ‘सगळेच थापा’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभे करू नका. त्यांना ती रांग आवडली नसती.

आता विरोधकांचा खरा दमदार मुद्दा घेतो, कारण एवढ्यावर ते गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नये. ते म्हणतात : कण सापडला नाही की तुम्ही ‘अजून बारीक मोजणारे यंत्र द्या’ म्हणता. यंत्र आले की कण आणखी हलका होतो. ही पळवाट कधी बंद होणार?

काही अंशी हा आरोप खरा आहे. अ‍ॅक्सिऑनचेच बघा. १९७७ साली रॉबर्टो पेचेई आणि हेलन क्विन यांनी अणुकेंद्रातल्या एका कोड्यावर उपाय सुचवला. १९७८ मध्ये वाइनबर्ग आणि विल्चेक यांना दिसले की त्यातून एक नवा कण निघतो. विल्चेकनी त्याला एका डिटर्जंटचे नाव दिले. पहिल्या रूपातला अ‍ॅक्सिऑन प्रयोगांनी लवकरच बाद केला. मग जास्त हलके, जास्त अबोल अ‍ॅक्सिऑन आले आणि आजही शोध चालू आहे. यात सरकणारी गोलपोस्ट आहे, नाही म्हणणार नाही. ‘न्यूट्रिनोही १९३० साली पाउलीच्या पत्रात काल्पनिकच होता, १९५६ मध्ये सापडला, म्हणून हेही सापडतील’ हा आमच्या बाजूचा आवडता युक्तिवादही मला पटत नाही. ल व्हेरिएने गणिताने नेपच्यून सांगितला, तो १८४६ मध्ये सापडला. त्याच ल व्हेरिएने त्याच हाताने बुधाच्या आत व्हल्कन ग्रह सांगितला, तो नव्हताच. एकाच्या यशावर दुसऱ्याचे कर्ज काढता येत नाही.

पण सीएमबीच्या बाबतीत पळवाटेला तळ आहे, आणि हे बहुतेकांना माहीत नसते. एखादा हलका कण विश्वाच्या अतितप्त काळात इतरांशी कधीही समतोलात आला असेल, मग तो कितीही लवकर सुटलेला असो, तर त्याने या आकड्यात किमान भर घातलीच पाहिजे. ज्ञात कणांपलीकडे गर्दी नव्हती असे धरले तर सर्वांत साध्या जातीच्या कणासाठी ती भर ०.०२७ आहे, न्यूट्रिनोच्या घडणीच्या कणासाठी ०.०४७. त्याच्या खाली जाता येत नाही. म्हणजे ज्या दिवशी मोजणीची चूक ०.०१ च्या आसपास येईल, त्या दिवशी अशा कणांच्या सबंध कुळाचा निकाल लागेल. जे कण कधीच समतोलात आले नाहीत ते या जाळीतून निसटतील, त्यांना दुसरी जाळी लागेल. इतक्या स्पष्टपणे आपली शेवटची रेषा आखून देणारे दुसरे कुणी टीकाकारांनी दाखवावे. आमच्या मार्केटिंग खात्याने तरी कधी दाखवली नव्हती.

मोजणाऱ्या साधनाच्या कॅलिब्रेशनबद्दलही बोलतो, कारण आपल्या लोकांना हे सर्वांत जवळचे वाटेल. २०२० साली युतो मिनामी आणि एइचिरो कोमात्सु यांनी प्लांकच्या मोजमापांत एक विलक्षण गोष्ट पाहिली : सीएमबीच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण सुमारे ०.३५ अंशाने वळलेले दिसते, चुकीची मर्यादा ०.१४. अ‍ॅक्सिऑनसारखे अतिहलके क्षेत्र विश्वभर पसरलेले असेल तर प्रकाश असा वळू शकतो. बातमीसाठी एवढे पुरेसे होते. पण अडचण साधी आहे : डिटेक्टर बसवतानाच तिसरा हिस्सा अंशाने तिरका बसला असेल तर? आकाश वळले की फिक्स्चर? त्यावर या दोघांनी आधीच तोड काढली होती. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा प्रकाश जवळून येतो, त्याला वळायला वेळच मिळालेला नाही. डिटेक्टर तिरका असेल तर धूळ आणि सीएमबी दोन्ही वळलेले दिसतील; आकाशच वळवत असेल तर फक्त सीएमबी. दोन्हींची तुलना करून साधनाची चूक वेगळी काढायची. २०२२ च्या विश्लेषणात खात्री ३.६ सिग्मापर्यंत गेली, २०२५ च्या अटाकामा मोजमापांत कोन ०.२ अंशाच्या आसपास आला. अजून कुणी ‘कण सापडला’ म्हटलेले नाही. पाच सिग्मा होईपर्यंत, आणि धुळीचे स्वतःचे खोडे निस्तरेपर्यंत, म्हणणारही नाहीत. गेजवर संशय घेण्याची ही शिस्त मी ज्यांच्याकडे पाहिली ती माणसे या पट्ट्यात बोटांवर मोजण्याइतकी होती.

आमच्या बाजूला मात्र एका गोष्टीवरून खडसावायचे राहिले. विश्वाचा आजचा प्रसरणवेग सीएमबीवरून ६७.४ (किलोमीटर प्रति सेकंद, प्रति मेगापार्सेक) येतो आणि जवळच्या दीर्घिकांतल्या ताऱ्यांवरून सुमारे ७३, ही तफावत खरी आहे. ती मिटवायला थोडे ‘डार्क रेडिएशन’ घाला, असे सुचवून झाले की मराठी वर्तमानपत्रांत शेवटी प्रश्नचिन्ह लावलेले मथळे येतात : कोडे सुटले? सुटलेले नाही. तफावत पुरती बुजवायला जेवढे जादा कण लागतात तेवढे बारीक लाटांच्या पुसटपणात बसत नाहीत. वर वर्गमुळाचा जो बारकावा सांगितला, तोच आड येतो. असे मथळे देणारे आणि त्यांना कोट पुरवणारे, दोघेही राहू-केतूवाल्यांच्या हाती आयते कोलीत देतात.

उरला ‘चाकणला याचा उपयोग काय’ हा प्रश्न. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा चाकण, नारायणगावमार्गे आखलेला मार्ग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमुळे बदलावा लागतो, असे केंद्र सरकारने सांगितल्यापासून या प्रश्नाला धार आली आहे, आणि राग समजण्यासारखा आहे. नाशिक रस्त्यावर रोज अडकणाऱ्याला गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे कौतुक सांगून काय उपयोग? पण त्या रागात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. खोडदची दुर्बीण सीएमबी मोजत नाही. ती कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी पकडते. ओव्हरहेड वायर आणि पँटोग्राफ यांच्यातल्या ठिणग्यांचा तिला त्रास होतो, तो किती अंतरावर किती होईल आणि शील्डिंगने किती कमी होईल, हा सरळ इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. तो आकडे मागून, मोजणीचे अहवाल मागून लढवा. मीही सही करीन. त्यासाठी सबंध विश्वशास्त्राला थोतांड ठरवण्याची गरज नाही. पैशाचे म्हणाल तर भारताचा स्वतःचा सीएमबी उपग्रह अजून आकाशात गेलेला नाही. ‘सीएमबी-भारत’चा प्रस्ताव २०१८ मध्ये इस्रोपुढे ठेवला गेला, आपले लोक तोवर दुसऱ्यांच्या उपग्रहांची मोजमापे तपासत आले आहेत. अमेरिकेतही सीएमबी-एस४ या पुढच्या मोठ्या प्रकल्पाचा पाठिंबा तिथल्या सरकारी संस्थांनी २०२५ मध्ये काढून घेतला. तळेगाव चौकातला उड्डाणपूल अ‍ॅक्सिऑनमुळे अडलेला नाही.

उपयोग दाखवण्यासाठी मी ‘यातूनच उद्या नवे तंत्रज्ञान निघेल’ असे आश्वासन देणार नाही. निघेल की नाही ते सांगता येत नाही, आणि असली आश्वासने ही विज्ञानाची सर्वांत स्वस्त जाहिरात आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की मापात न बसलेली वस्तू स्वतःच्या हाताने बाजूला टाकणारी, आणि आपण कधी हरलो हे आधी लिहून ठेवणारी माणसे जिथे काम करतात, तिथे टोमणे मारायला जाताना आपणही आपला टॉलरन्स लिहून न्यावा. कोणता आकडा आला तर तुम्ही आक्षेप मागे घ्याल? २.८६ ऐवजी किती? ०.१३ ऐवजी किती? ते न सांगता ‘पटत नाही’ म्हणणे हे ऑपरेटरचे मत झाले.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, आयुका आणि खोडदची जीएमआरटी या दोन्ही ठिकाणी दारे सर्वांना उघडी असतात. चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगाव आणि तिथून आत खोडद. आक्षेप घेऊन जा, आणि सोबत आकडा न्या.